फर्स्ट पीयूत असतानाच डिग्रीचं गणित करायचं काय?

ह्या महिन्यात बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, पोराला पुढचं आत्ताच शिकवू काय. तीन घेतलीत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण ते पोरीनं स्वतः लिहिलंय.

प्रश्न : सर नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी मीडियम, एसएसएलसीला ९३ टक्के पडले, आता बेळगावात फर्स्ट पीयूसीला, म्हणजे अकरावीला, पीसीएमसी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स) घेतलंय. सकाळी साडेसहाची बस पकडते आणि घरी पोचायला पाच तरी वाजतात. माझी आत्तेबहीण न्यू जर्सीत आहे, माझ्याच वयाची, खरं ती आत्ताच एपी कॅल्क्युलस म्हणून कॉलेजचा कोर्स शिकायलीय आणि त्याचे मार्क तिला पुढं कॉलेजात धरतात म्हणे. आत्या दर रविवारी व्हिडिओ कॉलवर पप्पांना सांगते, हिला पण काहीतरी अ‍ॅडव्हान्स करायला लावा, नाहीतर मागं पडेल. आमच्या कॉलेजातले एक सर पण म्हणाले एनपीटीईएलवर आयआयटीचे कोर्स फुकट असतात, तू करू शकतीस. पप्पा म्हणतात सीईटी सोडून काही नको. मला गणित खरंच आवडतं. मिडटर्मला गणितात ८० पैकी ६१ पडले, फिजिक्सला मात्र ७० पैकी ३८. करू काय नको, सांगा.

उत्तर : पोरी, आधी आत्याचा विषय संपवूया म्हणजे रविवार जरा बरे जातील.

एपी म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाची योजना, १९५५ पासून ते चालवतात. हायस्कूलच्या पोरांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या लेव्हलचा विषय शाळेतच शिकायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, १ ते ५ मध्ये स्कोअर मिळतो. बरीच कॉलेजं ३ किंवा त्याच्या वर असला की क्रेडिट देतात, म्हणजे तो विषय झाला असं धरतात, नावाजलेली असतील तर ४ नाहीतर ५ मागतात, आणि काही कॉलेजं देतच नाहीत. तिकडं बऱ्याच कॉलेजांत फी क्रेडिटवर मोजतात, त्यामुळं शाळेतच दोन-चार विषय उरकले तर खरोखर पैसे वाचतात. शिवाय बऱ्याच शाळांत एपीचे मार्क जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या विषयांच्या सरासरीत, वजन वाढवून धरतात. म्हणजे आत्या खोटं काही बोलत नाही, तिच्या गावात ते बरोबरच आहे.

खरी गंमत पुढं आहे. तिकडं हायस्कूलमध्ये कुठलं गणित घ्यायचं ते बरंचसं पोरानं ठरवायचं असतं, कॅल्क्युलसचं तोंडही न बघता शाळा संपवणारी पोरं तिथं ढीगभर आहेत, म्हणून जो घेतो तो अ‍ॅडव्हान्स. आपल्याकडं पीयू सायन्सला तुला कोण विचारतंय? एनसीईआरटीचं पुस्तक उघड, फर्स्ट इयरच्या शेवटाकडं लिमिट्स अँड डेरिव्हेटिव्हज आहे, सेकंड इयरला कंटिन्युइटी, डेरिव्हेटिव्हचे उपयोग, इंटिग्रेशन, एरिया, डिफरन्शियल इक्वेशन्स, निम्मं पुस्तक त्यातच जातं. हे एपी कॅल्क्युलस एबीच्या (एपी कॅल्क्युलसचे एबी आणि बीसी असे दोन कोर्स आहेत, त्यातला लहान) शेजारी ठेवून बघ, बहुतेक सगळं तेच आहे. तुझी आत्तेबहीण जे अ‍ॅडव्हान्स म्हणून शिकायलीय ते तुला पुढच्या वर्षी कंपल्सरी आहे, फक्त त्याला कुणी झकास नाव दिलेलं नाही. आत्याला हे सांग, आणि जमलं तर बहिणीकडून जुने फ्री रिस्पॉन्स प्रश्न मागून घे. त्या पेपरात सहा प्रश्न असे असतात की नुसतं उत्तर काढून भागत नाही, का ते लिहावं लागतं, आणि परीक्षेचे निम्मे मार्क ह्या सहा प्रश्नांना आहेत. ही एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा चांगली आहे, आपण पोरांना स्टेप्स पाठ करायला लावतो, मी पण नोकरीभर तेच केलं, कशाला लपवू.

आता पप्पांचा हिशोब. केसीईटी म्हणजे कर्नाटकातली इंजिनिअरिंगची सीईटी, तिला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून १८० प्रश्न, एकेका विषयाला ६०, निगेटिव्ह मार्किंग नाही. इंजिनिअरिंगचा रँक काढताना निम्मं वजन सीईटीला आणि निम्मं सेकंड पीयूच्या पीसीएमच्या मार्कांना. ह्यात एनपीटीईएलच्या सर्टिफिकेटला कुठंच रकाना नाही. पुढं व्हीटीयूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या, कॉलेजात गेलीस तरी पहिल्या सेमिस्टरला गणित आहेच, तू आधी घरात बसून काय केलंस ते बघून तुला कुणी सोडणार नाही. एक सूट देतो, डिग्रीला अमेरिकेलाच जायचं पक्कं असेल आणि घरची तयारी असेल तर एपीचा विचार वेगळा करावा लागेल. तुझ्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

मग पप्पा बरोबर? अर्धे. तुला आवडतं म्हणून करायला कुणाची बंदी नाही, पण कधी आणि कसं ते महत्त्वाचं.

तुझ्या पत्रातला ३८ मला जास्त बोलला. गणितात ६१ पाडणारी पोरगी फिजिक्समध्ये ३८ वर का अडकते? बहुतेक वेळा फिजिक्स अवघड नसतं, फिजिक्सचं इंग्लिश अवघड असतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तोही मराठी मीडियमचा, दहावीला गणितात पैकीच्या पैकी. मी तीन आठवडे फळ्यावर हायपोटेन्यूस हायपोटेन्यूस म्हणतोय आणि हा गप्प. एक दिवस तास संपल्यावर माझ्यामागून व्हरांड्यात आला आणि हळूच विचारतोय, "सर, हायपोटेन्यूस म्हणजे आपला कर्णच की ओ?" वही बघितली तर त्यानं तो शब्द मराठी अक्षरात चार तऱ्हेनं लिहिलेला, प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह. एक कर्ण कळला असता तर तीन आठवडे वाचले असते, आणि मलाही तोपर्यंत एकदा फळ्यावर कंसात कर्ण लिहायचं सुचलं नाही. सांगायचा मुद्दा काय तर मराठीतून इंग्लिशमध्ये जाऊन पीसीएमसी करणं हाच तुझा ह्या वर्षीचा अ‍ॅडव्हान्स कोर्स आहे, त्याला क्रेडिट कुणी देत नाही ही गोष्ट निराळी. एक दोनशेपानी वही कर, डावीकडं इंग्लिश शब्द, उजवीकडं दहावीतला मराठी शब्द, व्हेलॉसिटीसमोर वेग आणि अ‍ॅक्सिलरेशनसमोर त्वरण असं. बसमध्ये खिडकी मिळाली तर तेवढ्यात दहा शब्द होतात.

आता एनपीटीईएल. आयआयटी आणि बेंगळूरच्या आयआयएससीनं मिळून २००३ मध्ये ते सुरू केलं, व्हिडिओ फुकट आहेत आणि नाव घालायला वयाची अट नाही, तुझे सर बरोबर सांगतात. पण कोर्स चार, आठ नाहीतर बारा आठवड्यांचे असतात, दर आठवड्याला असाइनमेंट, आणि सर्टिफिकेट पाहिजे तर फी भरून सेंटरवर जाऊन परीक्षा. असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ धरतात, पास व्हायला २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० पाहिजेत. तिथले बहुतेक कोर्स इंजिनिअरिंगच्या पोरांना समोर ठेवून केलेत, शिकवणाऱ्या प्रोफेसरनं गृहीत धरलेलं असतं की सेकंड पीयूचं कॅल्क्युलस तुझ्या हातात आहे. ते अजून नाही. पहिले दोन आठवडे भारी वाटेल, तिसऱ्याला व्हिडिओ नुसते चालू राहतील आणि तू जेवत असशील.

तू तयार आहेस काय ते बघायला मी एक काम देतो. घरात कधीतरी कुंदा, आपली बेळगावची मिठाई, आला असेल, त्याचा पुठ्ठ्याचा बॉक्स आठव. ३० सेंटिमीटर बाय ३० चा चौकोनी पुठ्ठा घे, चारी कोपऱ्यांतून सारखे चौकोन काप, कडा वर दुमड, झाकण नसलेला बॉक्स झाला. किती सेंटिमीटर कापलं तर जास्तीत जास्त कुंदा बसेल? सूत्र सोपं आहे, x कापलं तर x गुणिले (३० - २x) चा वर्ग. ४ कापलं तर १९३६ घन सेंटिमीटर, ५ ला २०००, ६ ला १९४४. म्हणजे ५. बरेच जण इथं पेन खाली ठेवतात आणि त्यात काही चूक नाही, उत्तर बरोबरच आहे. पण एखाद्याच्या डोक्यात किडा वळवळतो, की ५ च कशावरून, ५.१ का नको? मग तो ५.१ घालून बघतो, १९९९.४ येतं, ४.९ घालतो, तेही १९९९.४ च्या आसपास, आणि त्याला दिसतं की टोकाजवळ आलं की आकडा दोन्हीकडं जवळजवळ हालतच नाही, सपाट होतो. तो सपाटपणा म्हणजेच डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, शून्य. हे बघून तुला बरं वाटलं आणि पुठ्ठा ३० चा नसून ४२ चा असला तर काय, हे कुणी न सांगता तू करून बघितलंस, तर तू कोर्स कर, मी पप्पांना फोन करायला तयार आहे. उत्तर बघून पान उलटावं वाटलं तर कोर्स नको, सध्याचं गणितच नीट कर, आणि त्यात कमीपणा काही नाही.

कधी करायचा? आत्ता नाही. फर्स्ट इयरची परीक्षा संपली की सुट्टी आहे, बस नाही, होमवर्क नाही, तेव्हा एकच कोर्स, चार आठवड्यांचा, सर्टिफिकेटच्या नादाला न लागता. तू पीसीएमसीवाली आहेस म्हणून आणखी एक रस्ता सांगतो. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस डिग्री आहे, तिला अकरावीची फायनल दिलेली पोरं आत्ताच अर्ज करू शकतात. चार आठवडे इंग्लिश, गणित, स्टॅटिस्टिक्स आणि कॉम्प्युटेशनल थिंकिंग शिकवतात, दर आठवड्याला असाइनमेंट, मग क्वालिफायर परीक्षा. पास झालीस तर बारावी झाल्यावर प्रवेश. त्याला जेईई लागत नाही. अर्जाला फी आहे, तेवढी पप्पांना विचारून. तोपर्यंत फिजिक्सचे ३८ कुठं जातात बघ, पन्नाशीच्या वर गेले तर मला कळव, आणि नाही गेले तर सुट्टीत कोर्सच्या आधी फिजिक्स.

प्रश्न : सर, आम्ही निपाणीचे. मुलगा आठवीत आहे, हुशार आहे. एका क्लासवाल्यांनी सांगितलं की आठवीपासूनच फाउंडेशन लावा, अकरावी-बारावीचं आत्ताच सुरू करतात, नाहीतर पुढं जेईई जमत नाही. फी ऐकून आमच्या ह्यांना घामच फुटला. कर्ज काढून घालावं काय?

उत्तर : वहिनी, कर्ज काढून नको, आणि कर्ज न काढता पण नको. आठवीतल्या पोराला इंटिग्रेशनचं चिन्ह काढता येतं, मी बघितलंय, पाहुण्यांसमोर काढून पण दाखवतात. त्यालाच दोन अपूर्णांकांची बेरीज का अशी करतात विचारा, क्रॉस मल्टिप्लाय म्हणून मोकळा होतो. क्लासवाल्यांकडं आधीच्या बॅचमधल्या पोराची वही मागा, पुस्तक नव्हे, वही, तिच्यात खाडाखोड आणि पोरानं स्वतः केलेल्या चुका दिसल्या तर क्लासात काहीतरी घडतंय, फळ्यावरचं छान अक्षरात उतरवलेलं असलं तर तुमची फी त्या अक्षराला जाणार.

मुलगा खरोखर हुशार असेल आणि भूक असेल तर त्याला पुढं पळवण्यापेक्षा खोल घाला. गणित ऑलिम्पियाडची पहिली पायरी आयओक्यूएम, ती आठवी ते बारावीच्या पोरांना देता येते, आणि तिला कॅल्क्युलस लागतच नाही. अंकांचे गुणधर्म, भूमिती, बीजगणित, मोजण्याच्या युक्त्या, एवढंच, पण एकेका गणितावर पोरगा दोन-दोन दिवस बसतो. जुने पेपर नेटवर फुकट आहेत. रविवारी एक प्रिंट काढून द्या आणि तुम्ही शेजारी बसू नका. तीन रविवार त्यानं स्वतःहून मागितला तर पुढचं बोलू. आणि ह्यांना सांगा घाम पुसा.

प्रश्न : मी सेकंड पीयूला आहे, बेळगाव शहरात. गेल्या वर्षी हौसेनं एनपीटीईएलचे दोन कोर्स पास झालो, आता तिसरा लावलाय. प्रीपरेटरी, म्हणजे बोर्डाच्या आधीची सराव परीक्षा, तोंडावर आलीय आणि असाइनमेंट मागं पडायलीत. अर्धवट सोडलं तर रेकॉर्ड खराब होतं काय? घरी सगळे म्हणतात हातात घेतलेलं सोडू नये.

उत्तर : सोड. आज रात्रीच सोड. परीक्षेला रजिस्ट्रेशन केलं नसशील तर खिशातून काही गेलं नाही, आणि केलं असशील तर फी गेली म्हणायची, अजून तीन महिने घालून ती वसूल होत नाही. सर्टिफिकेट मिळत नाही एवढंच, तुझ्या पीयूच्या मार्कलिस्टवर किंवा सीईटीच्या अर्जावर ह्याची एक ओळही येत नाही. व्हिडिओ कुठं पळून जात नाहीत आणि बरेच कोर्स पुन्हा पुन्हा लागतात, डिग्रीला गेल्यावर कर, तेव्हा कदाचित तुझं कॉलेज क्रेडिटला धरेल पण, अ‍ॅडमिशन झाल्यावर तिथं आधी विचारून घे. घरच्यांचं म्हणशील तर त्यांना सांग की हातात आधी सेकंड पीयू घेतलेलं होतं, हे नंतर घेतलं.