कागदात हक्क सापडतो, काम विचारावं लागतं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. खापरपणजोबा काय करायचे हे शोधायला तू थेट पुण्याच्या पुरालेखागारात जायचं म्हणतोस. थोडा थांब. पेशवे दप्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, एका घराचा माग काढायचा, तर हाताशी गाव, माणसाचं नाव आणि साल पक्कं हवं. ते साताऱ्यातच जमव.

गावच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघ. मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, आणि जमिनीचे जुने फेरफार मागून घे. बरंचसं मोडीत असेल. साल फसली, म्हणजे जुन्या महसुली कालगणनेचं, असेल तर त्यात 590 मिळव. फसली 1300 म्हणजे साधारण इसवी सन 1890. फेरफारात वतनाचा, म्हणजे गावच्या चाकरीबद्दल मिळालेल्या पिढीजात हक्काचा, उल्लेख आला की तो शब्दन् शब्द उतरव. कुळकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं गेली, गावची कनिष्ठ वतनं 1958 च्या. त्या सुमाराच्या नोंदींत जमीन कोणत्या चाकरीसाठी मिळाली होती ते बहुतेक वेळा कळतं.

पण इथंच माणसं फसतात. वतन हा हक्क होता. चार भावांचं वतन असलं तरी चाकरी एकच जण करायचा. बाकीचे पोटासाठी दुसरं काही बघायचे. आपल्या भागातून किती माणसं पलटणीत गेली, किती मुंबईच्या गिरण्यांत! गावच्या कागदावर मात्र ती शेतकरीच. आणि बायका? परळ-लालबागला गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवणारी पणजी धंद्याच्या रकान्यात शोधून सापडायची नाही. भल्या पहाटेपासून भाकरी थापून तिनं घर चालवलं असेल, तर वंशावळीत तिच्या नावापुढे ते लिहायलाच हवं. सरदारकी सापडली नाही म्हणून खट्टू होऊ नकोस. बलुत्यावर सबंध गावाची अवजारं नीट ठेवणारा सुतार मला तितकाच मोठा वाटतो.

म्हणून आधी थोरल्या आत्यांकडे जा. ‘आपला धंदा काय होता?’ असं विचारलंस तर ‘शेती’ एवढंच उत्तर येईल. सुगीत घरी काय यायचं, मनिऑर्डर कुठून यायची, घरात कसली हत्यारं होती, ते विचार. घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे हेळवी गावात आले तर त्यांच्या वहीतली तुमच्या घराची पिढी वाचून घे, मूळ गाव कळेल.

घरच्या ट्रंकेतले कागद लॅमिनेट करू नकोस, चिकटपट्टीही लावू नकोस. फोटो काढ आणि सुती कापडात गुंडाळून ठेव. सुट्टीत ते घेऊन कराडला ये, मोडी वाचायला दोघं बसू.