पुण्यात गच्चीवर १३०/६५० न्यूटोनियन दुर्बीण (१३० मिमीचा आरसा, ६५० मिमी फोकल लांबी) साध्या इक्वेटोरियल माउंटवर (ज्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो) आहे. मोटर नाही, पोलर स्कोप (ध्रुव शोधायची छोटी दुर्बीण) नाही. १० मिमी आयपीसमधून तारा मिनिटभरातच निसटतो. ध्रुवाला नीट कसं लावू?

तारा निसटतो म्हणजे अलाइनमेंट चुकलंच, असं नाही. मोटर नसेल तर तो जाणारच. १० मिमी आयपीसने ६५ पट मोठं दिसतं, दृश्यक्षेत्र पाऊण अंशाचं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा मध्यापासून कडेला दीड मिनिटात पोचतो. फक्त आरएची (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती पूर्व-पश्चिम फिरवणारी) नॉब फिरवून तो परत मध्यावर येत असेल तर काम झालं आहे. दरवेळी डेकची (उत्तर-दक्षिण हलवणारी) नॉबही फिरवावी लागत असेल, तर पुढे वाचा.

ट्रायपॉड समतल करून, तोल साधून अक्षांशाची पट्टी १८.५ वर आणा. स्वस्त माउंटवरची पट्टी एखाद-दोन अंशांनी चुकते, म्हणून तो फक्त अंदाज समजा. समोरासमोरचे दोन बोल्ट असतील तर आधी एक सैल करा, मग दुसरा आवळा. दोन्ही एकदम आवळले की बोल्ट वाकतो.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. बहुतेक मॅन्युअल युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी लिहिलेली असतात, त्यात एक पाय उत्तरेला ठेवायला सांगतात. १८ अंशांवर काउंटरवेटचा (नळीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा जवळपास उभा लोंबतो आणि वजन नेमकं त्याच पायावर आपटतं. छोट्या माउंटचं डोकं ट्रायपॉडवर मोकळं फिरतं, त्यामुळे उत्तर दिशा दोन पायांच्या मधे येईल असं ट्रायपॉड वळवा. पाय पूर्ण फाकवा, कारण भार उत्तरेकडे झुकतो.

ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंश वर असतो, म्हणजे शेजारची इमारत किंवा धुरकं आड येणारच. उन्हाळ्यात संध्याकाळी सप्तर्षींतल्या पुलह-क्रतूंची रेघ वाढवा. ऑक्टोबर-डिसेंबरात शर्मिष्ठा या M आकाराच्या तारकासमूहावरून शोधा. होकायंत्र वापरलंत तर लोखंडापासून लांब धरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, तेव्हा दुरुस्तीची गरज नाही.

आता काउंटरवेट खाली, डेक ९० वर. डेकची अंशपट्टी खरी आहे का ते २५ मिमी आयपीस लावून बघा. आरएभोवती नळी फिरवताना दृश्याचा मध्य जागच्या जागी राहायला हवा. तो गोल फिरत असेल तर ते वर्तुळ सर्वांत लहान होईपर्यंत डेक हलवा आणि कुलूप लावा. इथून पुढे आरए-डेकच्या नॉब्जना हात लावायचा नाही. नवशिक्यांचं बहुतेक इथेच चुकतं: ध्रुव दिसत नाही म्हटलं की ते नळी वळवतात. वळवायचा माउंट. उंचीचे बोल्ट आणि दिगंशाची (डावी-उजवीकडे वळवणारी) फिरकी, एवढंच वापरून ध्रुव मध्यावर आणा.

ध्रुव तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे ४० कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे. तेवढी चूक राहिली तरी डेकमधली सरक मिनिटाला फार तर १० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) होते, म्हणजे मोटर लावली तर १० मिमीच्या आयपीसमधून तारा दोनेक तास जात नाही. बघण्यापुरतं एवढं पुरे, यापुढे खटपट करू नका. फार तर ध्रुवमत्स्यातल्या कोचाब ताऱ्याच्या दिशेला अर्धा अंश सरका.

लांब एक्स्पोजरचे फोटो काढायचे असतील, तर मात्र मोटर लावून ड्रिफ्ट पद्धत (तारा कुठे सरकतो त्यावरून अक्ष सुधारणं) वापरा. दक्षिणेला डोक्यावरून जाणाऱ्या मध्यरेषेजवळचा, विषुववृत्तालगतचा तारा घ्या. हिवाळ्यात मृगातल्या बाणाचे तीन तारे चालतात. तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे गेला आहे, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे. मग पूर्वेकडचा तारा बघा: दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर. दक्षिण कुठली हे कळत नसेल तर नळी किंचित ध्रुवाकडे ढकला. तारा दृश्याच्या ज्या कडेकडे जाईल ती दक्षिण. दरवेळी दिगंशाचं कुलूप आवळल्यावर पुन्हा तपासा, कारण आवळताना डोकं हमखास थोडं वळतं.