कॉफी कधी कडू, कधी आंबट, असं का होतं?

प्रश्न : मी कागदी फिल्टरमधून कॉफी करते. उकळतं पाणी लगेच ओतलं की कॉफी कडू होते, म्हणून दहा मिनिटं थांबून ओतायला लागले तर आता आंबट आणि पाणचट लागते. पावडर तीच, पाणी तेच. मग पाणी नेमकं किती गरम हवं?

उत्तर : ९० ते ९६ अंश सेल्सिअस, म्हणजे गॅस बंद केल्यावर अर्धं-एक मिनिट थांबलात की पुरे, दहा मिनिटांत ते फारच निवतं. पण खरी गंमत पुढे आहे. कॉफीतलं सगळं एकदम विरघळत नाही, आंबट चवीची आम्लं आधी सुटतात, गोडवा मागून येतो आणि कडवट द्रव्यं सगळ्यात सावकाश. पाणी जितकं गरम तितकं हे भराभर होतं, कोल्ड ब्रूला, म्हणजे थंड पाण्यात भिजवून केलेल्या कॉफीला, १२ ते २४ तास लागतात ते म्हणूनच. एकदा गाळताना खालचा कप दोनदा बदलून बघाच! पहिल्या कपात दाट, जिभेला झोंबणारी आंबट कॉफी, दुसऱ्यात बरीच मवाळ आणि तिसऱ्यात नुसतं फिकट, कडसर पाणी. मग तिन्ही एकत्र करून प्या, चव लगेच जुळून येते.

आता मला विचाराल तर तुमचा घोळ पाण्यापेक्षा दळण्यात असावा. बिया मिक्सरमध्ये दळत असाल तर काही भाग पिठासारखा बारीक होतो आणि काही तुकडे जाडच राहतात, पिठातून कडूपणा भसकन उतरतो आणि जाड तुकड्यांच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही, म्हणजे एकाच कपात दोन्ही दोष. दाणा सगळा सारखा, साधारण जाड्या मिठाएवढा हवा. बिया खूप काळ्या भाजलेल्या असतील तर मात्र पाणी थोडं कमी गरम घ्या, त्यांच्यातून सगळं लवकर सुटतं.

आणि हो, १५ ग्रॅम पावडरीवर आधी ३०-४० मिली पाणीच घाला आणि अर्धं मिनिट थांबा. पावडर फुगून वर येते, बुडबुडे फुटतात, तो भाजताना आत अडकलेला कार्बन डायऑक्साइड. तो निघून गेला की पाणी नीट आत शिरतं, मग उरलेलं २०० मिली हळूहळू ओता. पावडर अजिबात फुगली नाही तर बहुतेक ती शिळी झालीय, मग तापमान कितीही सांभाळलंत तरी वास यायचा नाही.