मधुमेह असलेल्या आणि नसलेल्या माणसाची रक्तातली साखर आणि इन्सुलिन यांत नेमका फरक काय?
दोघांनी तीच वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली असं धरा. मधुमेह नसलेल्याची साखर चढते, स्वादुपिंड लगेच इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवायला मदत करणारं संप्रेरक) सोडतं आणि दोनेक तासांत ती साधारण १४० मिलिग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तामागे) खाली येते. मधुमेहीची मात्र उपाशीपोटीच १२६ किंवा जास्त असू शकते, आणि खाल्ल्यावर चढलेली लवकर उतरत नाही.

गंमत म्हणजे टाइप २ प्रकारच्या मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन बहुधा कमी नसतं, उलट जास्तच असतं! पेशीच त्याला दाद देत नाहीत. वर्षानुवर्षं जादा राबून स्वादुपिंड थकतं, मग इन्सुलिन घटतं. टाइप १ मध्ये ते बनवणाऱ्या पेशीच नष्ट होतात, म्हणून बाहेरून घ्यावंच लागतं. त्यामुळे रिपोर्टात इन्सुलिनचा आकडा एकटा वाचू नका, त्या वेळची साखरही बघा.