आडवी बाटली मशीनला चालत नाही

प्रश्न : वकीलसाहेब, आमच्या बंदरावर जेटीच्या वाटेला 'व्हिडिओ गेम' असा बोर्ड लावलेला गाळा आहे. दाराला काळा पडदा, आत सहा मशीन. माझा मुलगा ट्रॉलरवर खलाशी. नारळी पौर्णिमेच्या आधी त्याने मालकाकडून वीस हजार उचल आणली आणि चार दिवसांत तिथे घालवली. पैशाचे गेम सरकारने 2025 मध्ये बंद केले असं टीव्हीवर ऐकलं, मग हा गाळा चालू कसा? शेजारच्या गावात बायकांनी मत देऊन दारूचं दुकान बंद केलं, तसं याचं करता येईल का?
— एक आई, देवगड तालुका

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही येत. आडवी बाटली दारूच्या दुकानापुरतीच. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. मशीनसाठी तसं मतदान आपल्या कायद्यात नाही. असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता टीव्हीवरची बातमी. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेला कायदा ऑनलाइन खेळांचा आहे, म्हणजे मोबाइलवर, इंटरनेटवर पैसे लावून खेळायच्या खेळांचा. तुमच्या जेटीवरचं मशीन इंटरनेटला जोडलेलं नसेल तर ते राज्याच्या जुगार कायद्यात येतं, आणि तो आहे 1887 सालचा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. त्यात जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी 500 रुपये. तुरुंगवासही आहे, पण तो होण्यासाठी गुन्हा शाबीत व्हावा लागतो, आणि घोडं तिथेच अडतं.

कसं अडतं ते मला चांगलं माहीत आहे, कारण अशा एका खटल्यात मी मालकाचा वकील होतो. लपवत नाही. आत शिरलं की तुम्ही पैसे देता, पोरगा मशीनच्या बाजूला चावी फिरवतो, पडद्यावर पॉइंट चढतात. जिंकलात तरी मशीनमधून दमडी पडत नाही. चिठ्ठी मिळते, आणि रोख मिळते शेजारच्या पानटपरीवर. धाड पडली तेव्हा पोलिसांनी मशीन उचललं, टपरीकडे कुणी बघितलंही नाही. मुद्देमालाच्या खोलीत ते मशीन दोन पावसाळे पडून राहिलं. कोर्टात आणलं तर आत मुंग्यांनी घर केलेलं, चालूच होईना. हा खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हे कोर्टाला दाखवायचं कसं? निव्वळ कौशल्याच्या खेळाला या कायद्यात सूट आहे, ताई. पंच उलटतपासात म्हणाला, सही चहा पिता पिता केली, मशीन पाहिलंच नाही. आशील सुटला. फीबरोबर हापूसच्या दोन पेट्या घरी आल्या. आमच्या हिने त्यातल्या एका आंब्याला हात लावला नाही.

तेव्हा तक्रार करायची तर टपरीसकट करा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुणाकडे पैसे दिले, चिठ्ठी कुणी वटवली, हे मुलाकडून वहीत लिहून घ्या. तो लाजेल, पण त्याच्याइतका माहीतगार साक्षीदार दुसरा नाही. अर्ज ठाण्यात देऊन थांबू नका, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांनाही द्या आणि पोच घ्या. कारण या कायद्याच्या कलम 6 प्रमाणे अशा वरच्या अधिकाऱ्याने रीतसर वॉरंट काढून झडती झाली आणि जुगाराचं साहित्य सापडलं, तर तो अड्डाच आहे असं कोर्ट कलम 7 प्रमाणे धरून चालतं. मग उलटं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. आमच्या खटल्यात वॉरंटच नव्हतं. आणि तो गाळा ग्रामपंचायतीचा आहे का, तेही बघा. असेल तर भाडेकरार ग्रामसभेत मागवा, त्यात धंदा कोणता लिहिलाय ते वाचून दाखवायला लावा.

मतदानाचं म्हणाल तर ते जगात झालेलं आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 1996 साली एकेका जिल्ह्याने व्हिडिओ पोकर, म्हणजे मशीनवर पैसे लावून खेळायचे पत्ते, ठेवायचं की नाही यावर मत दिलं. 64 पैकी 33 जिल्ह्यांनी नको म्हटलं, आणि 1999 च्या जूनअखेर तिथली मशीन उचलली गेली. ही त्यांची आडवी बाटलीच. पण साउथ डकोटा राज्याची गोष्टही ऐका. तिथे 1989 पासून सरकारच व्हिडिओ लॉटरी, म्हणजे अशीच पैशाची मशीन, चालवतं. 1994 मध्ये कोर्टाने ती घटनाबाह्य ठरवली, मशीन बंद पडली, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये लोकांनी घटना बदलून ती परत आणली. पुढे 2000 आणि 2006 मध्येही बंदीचे ठराव पडले. तिजोरीला त्या पैशाची चटक लागली की असंच होतं. आपल्या पलीकडचा गोवा बघा, 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली, ती काही गेली नाहीत. महाराष्ट्रातही 1976 चा कॅसिनो कायदा कागदावर होता. तो कधी अमलात आला नाही, आणि 2023 मध्ये विधिमंडळाने रद्दच केला. त्याबद्दल मी सरकारला मनापासून मार्क देतो.

तुमच्या आमदारांना पत्र लिहा, गावातल्या बायकांच्या सह्यांसकट, आणि एकच मागणी करा : दारूला आहे तसं मतदान मशीनला द्या. मसुदा हवा तर कळवा, मी लिहून पाठवीन, फी नको.

आणि पुढच्या हंगामाची उचल मुलाच्या हातात देऊ नका म्हणून ट्रॉलरमालकाला आत्ताच सांगून ठेवा, ती तुमच्याकडे येऊ दे. गावातला खलाशी आजकाल मिळतो कुठे? तो ऐकेल.