पूर ओसरल्यावर कृष्णाकाठ का ढासळतो? मळीची (नदीकाठच्या गाळाची) राने वाचवण्यासाठी कृषी सल्ला

प्रश्न : पलूस, वाळवा आणि मिरज तालुक्यांतील नदीकाठच्या शेतकऱ्यांनी विचारले आहे की, पूर चढत असताना काठ टिकतो, पाणी उतरले की दोन-चार दिवसांत उसासकट कड नदीत जाते. वर कोयना, धोम, कण्हेर अशी धरणे असताना हे का होते? काठावर बांबू लावावा की दगडी भिंत बांधावी?

उत्तर : काठ पडतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या धडकेने नव्हे, तर पाण्याचा आधार अचानक गेल्याने. पुरात नदी आपल्या पाण्याने काठाला बाहेरून दाबून धरते. त्याच काळात माती आतून भिजत असते. एक घनमीटर मातीत साधारण ४०० लिटरपर्यंत पाणी मुरते, म्हणजे तेवढेच किलो वजन वाढते. धरणाचे दरवाजे खाली घेतले की विसर्ग हजारो क्युसेकवरून (सेकंदाला इतके घनफूट पाणी) एकदम खाली येतो आणि नदीची पातळी झपाट्याने उतरते. काळ्या चिकण मातीतले पाणी मात्र त्या वेगाने बाहेर पडत नाही. बाहेरचा आधार गेलेला, आतले वजन आणि दाब तसाच. अशा वेळी कड उभीच्या उभी सुटते. कराडच्या बाजूला हा उतार लवकर जाणवतो. सांगलीकडे पाणी रेंगाळते, पण तिथे माती जास्त दिवस भिजते. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा पुरात पाण्याखाली राहिलेल्या मळीला नंतरचे पंधरा दिवस फार जपावे लागते.

दुसरे कारण दिसत नाही, पण काम करत राहते. पूर्वी पुराबरोबर वाळू आणि गोटे यायचे आणि पात्राची झीज भरून निघायची. आता जाड वाळू धरणाच्या जलाशयातच बसते. खाली सुटणारे पाणी निवळ असते आणि ते आपली भूक पात्राच्या तळावर व काठाच्या पायथ्यावर भागवते. हा परिणाम धरणाजवळ जास्त असतो. खाली येईल तसे ओढे-नाले थोडी भर घालतात. तुमच्या पट्ट्यात मात्र वाळूउपशाने ही तूट कितीतरी वाढवली आहे. काठासमोरचा तळ एक मीटर खाली गेला, तर काठ एक मीटरने उंच आणि तेवढाच कमजोर होतो. गावासमोर उपसा चालू असेल, तर काठावर केलेला कोणताही खर्च टिकणार नाही, हे ग्रामसभेत स्पष्ट मांडा.

आता रानात काय करायचे ते पाहू. पूर उतरताच काठाला समांतर भेगा शोधा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज टेपने अंतर मोजा. अंतर वाढत असेल तर त्या पट्ट्यात माणसे, जनावरे, ट्रॅक्टर काहीच नेऊ नका आणि मोटार, स्टार्टर, केबल मागे घ्या. अंतर स्थिर असेल तर भेग चिकण मातीने ठासून भरा, म्हणजे परतीच्या पावसाचे पाणी आत उतरणार नाही. कडेच्या अंगावर मधेच ओल्या वाळूचा थर दिसला आणि त्यातून गढूळ पाणी झिरपत असेल, तर तो सिमेंटने लिंपू नका. पाणी अडले की मागचा दाब वाढतो. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी आणि वर दगड रचा. पाणी बाहेर येईल, माती येणार नाही.

ऊस अगदी कडेपर्यंत लावण्याची सवय सोडावी लागेल. उसाची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात. आठ-दहा मीटर उंच काठाला ती धरून ठेवू शकत नाहीत. वर पाटपाणी दिले तर पूर नसतानाही कड भिजत राहते. काठाच्या उंचीइतका पट्टा उसाविना ठेवा, त्यापलीकडच्या पहिल्या काही सऱ्यांना ठिबकच द्या आणि रानातले पाणी कडेवरून थेट सांडू देऊ नका. उपसा पाइपलाइनची चारी (पाइप पुरलेला चर) तर नेमकी तपासा. चारी भुसभुशीत भरलेली असते, जोडातून पाणी गळते आणि पुढच्या पुरात तिथूनच घळ पडते. चारी थराथराने ठोकून भरा, गळका जोड लगेच बदला.

लागवडीत वाळ्यासारखे गवत नाही. त्याची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात. पण उभ्या कडेवर काहीच जगत नाही. आधी उतार करा : एक मीटर उंचीला किमान दीड, शक्यतो दोन मीटर आडवे. सहा मीटरच्या काठाला नऊ ते बारा मीटर जमीन द्यावी लागते. हे मनाला लागते, पण ती जमीन नाहीतरी नदी नेणारच असते. उतारावर समांतर ओळींत १० ते १५ सेंटिमीटरवर वाळ्याचे ठोंब लावा. जूनमध्ये लावलेले ठोंब जुलै-ऑगस्टच्या पुरात उपटतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत लावून पाणी द्या. पाण्यालगत वाळुंज चालते. बांबू चांगला, पण उभ्या कडेच्या टोकावर नको. बेटाचे वजन आणि वाऱ्याचा हिसका कडच सोडवतो. तो उताराच्या माथ्यामागे तीन-चार मीटरवर घ्या.

भिंतीबद्दल : पायथा न धरता बांधलेली काँक्रीटची भिंत खालून पोखरून पडते. जाळीबंद दगड जास्त उपयोगी, कारण तळ खचला तरी ते त्याच्याबरोबर वाकतात. पहिली रांग पात्राच्या तळाखाली पुरावी, मागे गाळणीचा थर द्यावा आणि दोन्ही टोके काठात आत वळवावीत. नाहीतर पाणी टोकामागून शिरते. बंधाऱ्यातले पाणी असेपर्यंत पायथा उघडा पडत नाही, म्हणून हे काम बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढल्यावर पावसाआधीच्या थोड्या दिवसांतच होते. दगड-जाळी आधी आणून ठेवा. एकट्याने प्रवाहात दगड टाकू नका. धार वळून शेजाऱ्याचा किंवा समोरचा काठ तुटतो. पात्रातल्या कामाला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, म्हणून सलग गट नंबरांच्या शेतकऱ्यांनी मिळून अर्ज करा. राडारोडा कडेवर ओतणे तर पूर्ण टाळा. त्याने फक्त वजन वाढते.

जमीन खचली किंवा वाहून गेली असेल, तर तलाठ्यांना लगेच लेखी कळवून पंचनामा करून घ्या. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार अशा नुकसानीला अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी हेक्टरी ४७,००० रुपये मदत ठरवली होती. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि त्याच जागेवरून काढलेले पुराआधीचे व नंतरचे फोटो जोडा. बांधाचा दगड किंवा विजेचा खांब फोटोत आला, तर किती मीटर जमीन गेली ते मोजून दाखवता येते.