रानटी वनस्पतींमधली रोगप्रतिकारशक्ती पिकात खरोखर आणता येते का?

येते, आणि त्याचे उत्तम उदाहरण भेंडीत सापडते. भेंडीवर पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा केवडा रोग पडला की आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खे पान आणि शेवटी फळही पिवळट होऊन बाजारात कवडीमोल ठरते. एकेकाळी या रोगाला तोंड देणारी ‘पुसा सावनी’ ही जात पुढे त्याला सर्रास बळी पडू लागली, तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातील जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी तिचा संकर भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी केला. अशा संकरातली पहिली पिढी बहुतांशी वांझ निघते आणि रानटी दोषही सोबत आणते, म्हणून संकरित झाडांचा लागवडीच्या भेंडीशी पुन्हा संकर करून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ तयार झाली. खरी मेहनत, माझ्या मते, या निवडीतच असते. मात्र ही प्रतिकारशक्ती कायमची नसते. विषाणू बदलत राहतो, आणि पुढे ‘परभणी क्रांती’वरही केवडा दिसू लागलाच.